कासा, चूल आणि सॉसेजची दोन पाकिटं

लोणावळ्याच्या ट्रॅफिकला कंटाळलात? अलिबागच्या बोटीची रांग बघून पोटात गोळा येतो? मग एकदा गाडी उलट्या दिशेला काढा. घोडबंदरचा खाडीपूल, वसई, मनोर करत अहमदाबाद हायवेने सरळ वर. मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर चारोटी नाका लागतो. तिथून डावीकडे गेलात तर डहाणू आणि समुद्र. उजवीकडे जव्हारच्या रस्त्याला वळलात की लगेच कासा. बहुतेक मुंबईकरांनी हे नाव फक्त पाटीवर वाचलेलं असतं, तेही ऐंशीच्या स्पीडने सुरतेला जाताना.

कासा काही हिल स्टेशन नाही. सनसेट पॉइंट नाही, घोडे नाहीत, चिक्की तर नाहीच नाही. आहे ती एक नांदती बाजारपेठ, आजूबाजूच्या पाड्यांवरून खरेदीला येणारी वारली माणसं, सूर्या नदी, वरच्या अंगाला धामणीचं धरण आणि हायवेवरून दिसणारा महालक्ष्मीचा सुळका. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. तेव्हा गर्दीची हौस असेल तरच जा. एरवी मात्र इथे शांतता अशी की रात्री नऊला झोप येते. कॉल सेंटरवाल्यांनी हे वाक्य परत वाचावं.

जाताना एक गोष्ट मात्र पाळा, मागे बसलात तरी बेल्ट लावा. ४ सप्टेंबर २०२२ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तो इथेच, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर. मागच्या सीटवरच्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. रस्ता सरळ दिसतो, म्हणूनच पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलावासा वाटत नाही. गाडी नको असेल तर २०१३पासून चर्चगेटवरून डहाणूपर्यंत लोकल जाते. पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर एसटी किंवा शेअरिंगच्या गाडीने.

आम्ही पाच जण होतो. एका मैत्रिणीच्या मामांची वाडी कासाच्या बाहेर, नदीच्या बाजूला आहे. दोन खोल्या, एक पडवी आणि मागे चूल. वाडी सांभाळणारे काका आणि मावशी बाजूच्याच पाड्यावर राहतात. ट्रिपचं खाणं म्हटलं की आमचा फॉर्म्युला ठरलेला असतो. मॅगी, अंडी, वेफर्स आणि सॉसेज. त्यातल्या सॉसेजबद्दल मला बरेच दिवस बोलायचं होतं, कारण आपल्याकडे या बिचाऱ्या पदार्थाचे जितके हाल होतात तितके कोबीचेही होत नाहीत.

शिजलेल्याला किती शिजवाल?

पाकिटावर ज्याला फ्रँकफर्टर म्हणतात ते सॉसेज कच्चं नसतं. मांस, चरबी, मीठ, मसाला आणि बर्फ एकत्र अगदी बारीक वाटून, आवरणात भरून, धुरी देऊन ते कारखान्यातच शिजवलेलं असतं. मूळ फ्रँकफर्टचं. जर्मनीत त्या शहराच्या परिसरात बनलेल्या पोर्क सॉसेजलाच हे नाव लावता येतं. फ्रँकफर्टमध्ये धंदा शिकलेला योहान गेओर्ग लाहनर नावाचा खाटीक व्हिएन्नाला गेला आणि १८०५च्या सुमाराला त्याने पोर्कमध्ये बीफ मिसळून स्वतःचं सॉसेज विकायला सुरुवात केली. त्याला व्हिएन्नावाले आजही फ्रँकफर्टर म्हणतात आणि बाकी जग वीनर म्हणतं. आपल्याकडे तर कोंबडीचं असलं तरी पाकिटावर फ्रँकफर्टर छापायला कुणाची हरकत नसते.

मुद्दा हा, की आपलं काम ते शिजवण्याचं नाही, गरम करण्याचं आहे. खळखळ उकळत्या पाण्यात टाकलंत की आतलं पाणी आणि चरबी फुगते, साल फाटते, चव सगळी पाण्यात जाते आणि हातात उरतं ते ओलं रबर. योग्य पद्धत इतकी सोपी आहे की सांगायला लाज वाटावी. पातेल्यात पाणी उकळा, चिमूटभर मीठ घाला, चुलीवरून उतरवा, सॉसेज सोडा, झाकण ठेवा. आठ ते दहा मिनिटं. फ्रिजमधून काढलेलं असेल तर दहा, आणि अजून बर्फ असेल तर आधी नीट सुटू द्या. मधोमध कापून बघा, वाफ आली पाहिजे. घरात गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर हे 'वाफ येईपर्यंत' अक्षरशः पाळा. थंड सॉसेज त्यांना देऊच नका, लिस्टेरिया नावाच्या जंतूचा धोका असतो. लहान मुलांना गोल चकत्या कधीच देऊ नका, त्या घशात नेमक्या अडकतात. उभे काप करा, मग बारीक तुकडे.

आता एक महत्त्वाचा फरक. गोव्याचं चोरीस म्हणजे फ्रँकफर्टर नव्हे! माळेसारखं टांगलेलं ते लालबुंद प्रकरण मीठ-मिरची-व्हिनेगरमध्ये मुरवलेलं असतं, पण कच्चं असतं. ते कांद्याबरोबर स्वतःच्याच चरबीत पूर्ण शिजवायचं. दोन्ही सॉसेज म्हणून एकाच पद्धतीने गरम करणाऱ्या मित्राला चुलीपासून लांब बसवा आणि कांदे कापायला द्या.

मुंबई ते कासा, बर्फावर

सॉसेज मुंबईतूनच घ्या. चिकनचं कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, पोर्कचं चांगलं हवं तर वांद्र्याच्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानात. कासाच्या बाजारात अंडी, पाव, कांदे, काकडी, लिंबं, मिरच्या सगळं मिळतं. फ्रोजन मालासाठी मात्र त्या बाजाराच्या भरवशावर निघू नका.

पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमध्ये दगड करून ठेवा. म्हणजे ते स्वतःच बर्फाचं काम करतं. आइसबॉक्स डिकीत नाही, एसीत, पायाशी. नियम असा आहे की असं मांस बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि ३२ अंशांच्या वर पारा असेल तर एकच तास. एप्रिलमध्ये शनिवारी सकाळी खाडीपुलाजवळ अडकलात तर तो एक तास कसा जातो ते कळतही नाही. म्हणून बॉक्स भरूनच घ्या, रिकाम्या जागेत बर्फाच्या पिशव्या कोंबा, आणि थम्स अप काढायला तो दर दहा मिनिटांनी उघडू नका. थम्स अपला वेगळी पिशवी करा. मी फार कडक वाटतेय का? वाटू दे.

आमच्याकडे दोन पाकिटं होती, एक चिकनचं, एक पोर्कचं. दुपारी मावशी चुलीला जाळ घालून द्यायला आल्या. पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, "ताई, हे कशाचं?"

मी म्हटलं, "हे कोंबडीचं, ते डुकराचं."

"आमच्या यांनी माळ घातलीय, ते कशालाच शिवायचे नाहीत. पोरं खातील. पण कोंबडीचंच द्या. आणि कोंबडीचं म्हणजे सगळं कोंबडीचंच ना?"

ऑफिसच्या पार्टीत हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. आमच्यातल्या एकाला पोर्क चालत नाही, आणि तोही आजवर 'चिकन' एवढा शब्द वाचून समाधानी होता. पण मावशींचा प्रश्न अगदी नेमका आहे. आतलं मांस कोंबडीचं असलं तरी बाहेरचं आवरण कशाचं? पारंपरिक फ्रँकफर्टरला मेंढीच्या आतड्याचं असतं. चावलं की 'टक्' आवाज येतो तो त्याचाच. हल्ली बऱ्याच ठिकाणी कोलॅजनचं आवरण वापरतात, आणि ते बहुतेक वेळा गाईगुरांच्या कातड्यापासून बनतं. तिसरा प्रकार स्किनलेस. त्यात सेल्युलोजच्या नळीत सॉसेज शिजवून नळी सोलून टाकतात, म्हणजे आवरण उरतच नाही. तपकिरी त्रिकोण तुम्हाला फक्त मांसाहारी आहे एवढंच सांगतो. बाकीचं बारीक अक्षरात असतं. भिंग लागलं तर लागू दे, पण कुणाच्या पोराला खायला घालण्याआधी ते वाचा.

आमचं चिकनचं पाकीट स्किनलेस निघालं. मग दोन तवे, दोन चिमटे, दोन ताटं. मावशींनी त्यांच्या घरून त्यांचा तवा आणला आणि पोर्कला तो लावायचा नाही असं मला दोनदा बजावलं.

निखारे, जाळ नव्हे

चुलीवर सॉसेज भाजायचं म्हणजे जाळावर धरायचं नाही. जाळात बाहेरून काळं होतं, आतून गारच राहतं. लाकडं जळून निखारे होऊ द्या, त्यावर राखेचा पांढरा थर येऊ द्या, मग तवा किंवा जाळी ठेवा. सॉसेजवर तिरपे, अगदी वरवर तीन-चार छेद द्या. त्याने ते वाकत नाही आणि छेदांच्या कडा कुरकुरीत होतात. बांबूच्या काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा. तेल? पोर्कला नको, त्याचं त्याला पुरतं. चिकनला एक चमचा. आणि मीठ कशालाच नको.

आता सॉस. १९४९मध्ये बर्लिनमध्ये हेर्टा ह्योवर नावाच्या बाईने टपरीवर तळलेल्या सॉसेजवर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर घालून विकायला सुरुवात केली. तेच ते जगप्रसिद्ध करीवुर्स्ट. आता करी पावडर म्हणजे काय हे आपल्यापैकी कुणालाच नीट माहीत नाही, आणि जाणून घ्यायची गरजही नाही, कारण आपल्या वाटेवर वसई आहे. वसईच्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला मिळवा. उन्हाळ्यात मिरच्या आणि डझनावारी मसाले भाजून-कुटून पूर्वी तो बिअरच्या बाटल्यांत ठासून भरत, म्हणून हे नाव. चमचाभर तेलात एक कांदा अगदी बारीक चिरून लाल करा, तीन पिकलेले टोमॅटो घालून गाळ होईपर्यंत शिजवा, एक चमचा बॉटल मसाला, सुपारीएवढा गूळ, आणि शेवटी दोन चमचे व्हिनेगर. व्हिनेगर उसाचं असेल तर उत्तम. नवसारीचे कोलाह १८८५पासून ते बनवताहेत आणि मुंबईच्या पारशी दुकानांत त्यांची बाटली मिळते. भाजलेल्या सॉसेजचे तुकडे करा, वरून हा सॉस ओता, बाजूला पाव. बर्लिनची आठवण येणार नाही याची गॅरंटी.

पावाबद्दल एक तक्रार. हॉट डॉगचा तो गोडसर, लांबुळका, स्पंजसारखा रोल मला कधीच पटलेला नाही. साधा लादीपाव मधून कापून तव्यावर भाजा, आत काकडी, कांदा, मोहरीचा सॉस. मोहरीचा सॉस नसेल तर हिरवी चटणी. वडापाव खाऊन मोठे झालेल्या हातांना या पावाची पकड आपोआप कळते.

मावशींच्या पोरांनी चिकनचं सॉसेज तांदळाच्या भाकरीत गुंडाळून खाल्लं. आम्ही बघत राहिलो आणि मग आम्हीही तेच केलं. मावशींनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, विचार केला. "खारट आहे. पण सुक्या बोंबलाइतकं नाही." मग उठून घरातून मूठभर सुके बोंबील आणले आणि त्याच निखाऱ्यांवर टाकले.

सॉसेजवर याहून चांगली टिप्पणी मी ऐकलेली नाही. जर्मनीतल्या खाटकाने मांस टिकवायला मीठ आणि धूर वापरला, डहाणूच्या किनाऱ्यावरच्या कोळणींनी मीठ आणि ऊन. बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा बघितल्यात ना? फरक इतकाच की बोंबलाला फ्रीझर लागत नाही. निखाऱ्यावर दोन मिनिटं भाजलेला बोंबील, भाकरी, कच्चा कांदा. खरं सांगू? त्या दिवशीच्या ताटात पहिला नंबर त्याचाच होता, सॉसेज दुसरं.

गप्पा चालू असताना चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं आणि मावशी पटकन वर बघू लागल्या. वाफ होती. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात भूकंपाच्या छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. त्या काळात लोक कित्येक रात्री घराबाहेर झोपले. झाकण वाजलं की अजून मान वर जाते, मावशी म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

सकाळी अंडी

दुसऱ्या दिवशीचा ब्रेकफास्ट पारशी पद्धतीचा. उगाच नाही, डहाणू ते उदवाडा हा पट्टाच इराणी-पारशी लोकांच्या चिकूच्या वाड्यांचा आहे. घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. पारशी स्वयंपाकघराचा एक साधा कायदा असतो, जे काही असेल त्यावर अंडं फोडा. भेंडीवर, टोमॅटोवर, बटाट्याच्या सळीवर. त्याला ते 'पर इडू' म्हणतात. मग सॉसेजवर का नाही?

चार जणांना सहा सॉसेज पुरतात. दोन कांदे उभे चिरून परता, दोन हिरव्या मिरच्या, आलं-लसूण, एक टोमॅटो. तेल सुटलं की सॉसेजचे बोटभर तुकडे टाका, फक्त दोन मिनिटं. कोथिंबीर. मग सगळं तव्यात सपाट पसरा, चमच्याच्या पाठीने चार-पाच खड्डे करा, प्रत्येकात एक अंडं. गावठी मिळाली तर बहार. आच अगदी मंद, वर घट्ट झाकण, झाकणावर दोन-तीन निखारे. पांढरं जमलं आणि पिवळं हललं की उतरवा. हा पदार्थ तव्यातूनच खायचा, प्लेटमध्ये काढलात की त्याची भुर्जी होते.

आमच्यातल्या शाकाहारी मुलीने काय खाल्लं, विचाराल तर सर्वांत भारी तिनेच खाल्लं. थंडीत गेलात तर तलासरी ओलांडून थोडं पुढे, वलसाडच्या बाजूला, हायवेलगत उंबाडियूचे स्टॉल लागतात. पापडी, रताळं, बटाटे आणि जांभळा कंद हिरव्या मसाल्यासकट मडक्यात भरतात, मडकं उलटं ठेवून वर जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. एक किलो बांधून आणा. जर्मन लोक सॉसेजबरोबर बटाट्याचं सॅलड देतात. इथे धुरकट कंद द्या, लिंबू पिळून. पोर्कच्या तेलकटपणाला हा जोडीदार एकदम फिट बसतो.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक कडू गोळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये सॉसेज, हॅम, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा निष्कर्ष. पन्नास ग्रॅम म्हणजे साधारण एक सॉसेज. 'रोज' हा शब्द महत्त्वाचा आहे. डब्यात दररोज सॉसेज सँडविच नेणाऱ्यांनी, आणि अशी मंडळी प्रत्येक मजल्यावर दोन-तीन तरी असतात, हे वाक्य पॅन्ट्रीत लावावं. ट्रिपपुरतं खाणाऱ्यांनी निवांत खावं.

उघडलेलं पाकीट परत मुंबईला नेऊ नका. बॉक्समधला बर्फ रविवार दुपारपर्यंत पाणी झालेला असतो. जे उरेल ते सकाळीच तव्यात टाका. रिकामा बॉक्स मात्र रिकामा नेऊ नका. चारोटीवरून डहाणूकडे वळून सुकी मासळी आणि चिकू घ्या, तेवढा फेरा वसूल होतो. फक्त दोन्ही एकाच बॉक्समध्ये ठेवू नका. आमच्या ऑफिसात सोमवारी वाटलेल्या चिकूंना बोंबलाचा वास होता, आणि तरी साडेअकराच्या मीटिंगआधी सगळे संपले.